मयत आमच्या घरचं

अबूना यवाकीम, आमचे पाद्री, भडक डोक्याचे होते. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण अस्यूतच्या मठानं त्यांचं जे चित्र छापून गावोगाव वाटलंय, त्यात ते हात जोडून, मान कलती करून गोड हसतायत. कुणा चित्रकारानं मनानं काढलंय ते. इतकी वर्षं मी त्यांना पाहिलं, मान कलती केलेली एकदाही पाहिली नाही. बोलायला लागले की त्यांच्या मानेची शीर तट्ट फुगायची आणि समोरचा माणूस आपोआप एक पाऊल मागे सरायचा.

आमचं गाव कोम सिद्राक, कैरोपासून खूप दक्षिणेला. कालव्याच्या दोन्ही अंगाला ऊस, आणि ऊस संपला की उघडाबोडका डोंगर. अबूना पहिल्यांदा आले तेव्हा अंगात तपकिरी झगा, कमरेला दोरी, पायात टायरच्या चपला. लोकांना वाटलं, शिकलेला साधू आहे, रविवारी मिस्सा वाचेल आणि बाकीचा आठवडा पुस्तकात डोकं घालून बसेल. कुठलं काय. पहिल्याच आठवड्यात वहबाच्या म्हशीचं अडलेलं रेडकू त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून ओढून काढलं, आणि तसल्याच बरबटलेल्या हातानं वहबाची गचांडी धरली. म्हैस दोन दिवस विव्हळत होती आणि तू चहा पीत बसलास, म्हणून.

देवळात मुअल्लिम घत्तासची गादीची खुर्ची असायची, अगदी वेदीच्या पुढ्यात. गावातलं एकुलतं गुऱ्हाळ त्याचं, म्हणून तो मुअल्लिम, मालक, आणि मग खुर्चीही त्याचीच. माझ्या सासूचे गुडघे सुजलेले, ती जमिनीवर बसायची आणि उठताना दोघींनी धरावं लागायचं. एका रविवारी अबूनांनी मिस्सा मध्येच थांबवली, खाली उतरले, घत्तासला म्हणाले, "ऊठ." तो उठला. मग सासूला बखोटीला धरून त्या खुर्चीत बसवलं आणि परत वेदीवर जाऊन राहिलेली प्रार्थना पुढे म्हणायला लागले. घत्तास सबंध मिस्सा उभा होता. सासू घरी येऊन म्हणाली, "अगं, गादी कसली मऊ होती, पण भीतीनं मला बसताच आलं नाही नीट."

त्या माणसावर आम्ही जीव टाकायचो. ओरडून घ्यायचो आणि जीव टाकायचो.

आमच्याकडे रक्त सांडलं की मयताच्या घरचे समाचाराला आलेल्यांना दारातूनच परत पाठवतात. चटया घालत नाहीत, कॉफी उकळत नाहीत, बायका गळा काढत नाहीत. आमचा माणूस अजून मेलेला नाही, ज्यानं मारला त्यानं समोर यावं, असा त्याचा अर्थ. त्यानं यायचं ते अनवाणी, बोडक्या डोक्यानं, दोन्ही हातांवर स्वतःचं कफन घेऊन. मला यात पुरा, नाहीतर सोडा, म्हणायचं. घरच्यांनी कफन घेतलं की रक्त मिटलं. नाही घेतलं, तर तो माणूस कुणीही कधीही मारावा असा होतो. वहबाच्या भावानं पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याला डोक्यात काठी घालून मारलं, तेव्हा अबूना त्याच्यापुढे चालत गेले होते. अर्धं गाव बघत होतं. वाटेत तो पोरगा पुटपुटायला लागला, चूक झाली, चूक झाली. अबूना गर्रकन वळले.

"चूक काय आपोआप होते? दुधावर साय येते तशी येते? मी मारलं म्हण. ते म्हणता येत नसेल तर माघारी जा, मी काही तुझ्याबरोबर येत नाही."

त्यानं म्हटलं. दोन घरं वाचली.

आता गुऱ्हाळाचं सांगते. माझा नवरा फानूस तिथे काहिलीवर, रस उकळायच्या मोठ्या कढईवर असायचा. रस उकळायला लागला की वर मळी येते, ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं सतत काढत राहायचं, नाहीतर काकवी काळवंडते आणि कडू लागते. काहिलीभोवती हातभर रुंदीचा विटांचा कट्टा, त्यावर उभं राहून सबंध दिवस हे काम. खाली चुलाण पेटलेलं, समोर उकळता रस, तोंडावर वाफ. हंगाम संपेपर्यंत फानूसच्या भुवया जळून गेलेल्या असायच्या, आणि रात्री त्याच्या अंगाला गोडसर वास यायचा, तो मला अजिबात आवडायचा नाही.

अबूना रविवारी दुपारनंतर गुऱ्हाळावर यायचे, झगा कमरेला खोचून चुलाणात चिपाडं घालायला बसायचे. म्हातारा जाळव्या सिधोम तेवढ्यात उसाच्या ढिगाआड झोप काढायचा. त्या हंगामात त्यांनी बघितलं, की कट्ट्याखालच्या भिंतीला तडा गेलाय. बोटं आत जात होती. त्यांनी घत्तासला बोलावून घेतलं. फानूस तिथेच होता, त्यानंच घरी येऊन सगळं सांगितलं.

"भट्टी थांबव. भिंत पाडून नवी बांध."

"अबूना, हंगाम ऐन भरात आहे. संपू द्या, मग बांधतो."

"हंगाम संपेपर्यंत ती तुझ्यासाठी थांबणार आहे? विचारलंस तिला?"

घत्तासनं गवंडी बखीतला हाक मारली. बखीतनं भिंतीवर ठोकून बघितलं आणि म्हणाला, "मुअल्लिम, आतून पोकळ झालीय. पाडावीच लागेल."

"तुला विचारलं नाही. गिलावा कर."

बखीतनं गिलावा केला. काय करणार, त्याच्या घरी खाणारी तोंडं होती. अबूना तिथेच उभे राहून ओले हात फिरताना बघत होते. घत्तास हसून म्हणाला, "तुम्ही प्रार्थना करा अबूना, भिंत उभी राहील."

"मी प्रार्थना माणसांसाठी करतो. भिंतीसाठी विटा लागतात," अबूना म्हणाले आणि निघून गेले. पुढच्या रविवारी वेदीवरून त्यांनी घत्तासचं नाव घेऊन भिंतीचं सांगितलं. घत्तासची बायको रागानं उठून गेली. भिंत होती तिथेच राहिली.

मग फानूसला ताप आला. असा, की दोन गोधड्यांखाली दात वाजत होते. मुकादम शौकी सकाळीच दारात हजर.

"फानूस, ऊठ. काहील चढलीय."

"त्याला उभं राहता येत नाही," मी म्हटलं.

"मग बसून काढू दे मळी. आज नाही आला तर उद्या यायची गरज नाही, एवढंच मुअल्लिम म्हणाले."

फानूस उठायला लागला. त्या माणसाला कधी नाही म्हणता आलं नाही, देवाला नाही आणि शौकीला नाही. भिंतीला धरून तो उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथेच खाली बसला. तेवढ्यात अबूना आले. आजाऱ्याला बघायला आले होते, हातात लिंबं होती. त्यांनी शौकीकडे बघितलं, फानूसकडे बघितलं, लिंबं माझ्या हातात दिली.

"झारा कुठाय याचा?"

"अबूना, तुम्ही नका जाऊ," मी म्हटलं. "ती भिंत."

"म्हणून तर जातो. मी वर उभा असलो तर तो घत्तास दहादा येऊन खाली बघेल. फानूससाठी कोण बघणार आहे?"

घत्तास आला नाही. उसाच्या गाड्या दाखल करून घेत तो फाटकापाशी बसून होता. जेवणवेळेच्या सुमाराला गुऱ्हाळाकडून जो आवाज आला, तो मी कणीक मळत असताना ऐकला. माणसाचा आवाज नव्हता तो. भिंत गेल्याचा होता. माणसाचा त्याच्यामागून आला.

अबूना कमरेपर्यंत काहिलीत गेले होते. सिधोमनं आणि दोघांनी ओढून काढलं, त्या तिघांचेही हात भाजले. रस अंगाला चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. झगा काढायला गेले तर कातडी झग्याबरोबर यायला लागली, म्हणून तसाच ठेवला. गुऱ्हाळाच्या दाराची फळी काढून तिच्यावर घातलं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरनं बघितलं, वेदनेचं औषध टोचलं आणि हळूच म्हणाला, की घरी न्या. घर कुठलं त्यांना. देवळामागच्या दोन खोल्या. मी म्हटलं, आमच्याकडे आणा. माझ्या नवऱ्याच्या जागेवर उभे होते ते. ज्या गोधड्यांखाली फानूस कुडकुडत होता, त्या काढून मी त्यांच्यासाठी अंथरल्या. फानूस कोपऱ्यात जमिनीवर पडून होता. तापात आणि शुद्धीत दोन्हीकडे रडत होता.

कमरेखाली मी त्यांना ओल्या कापडानं झाकलं होतं, आणि ते कापड बदलायचं काम माझं. सासू पाणी पाजायची. ओठ फुटले होते. तशातही ओरडायचे, मला नाही, देवाला. असली भाषा मी वेदीवरून कधी ऐकली नव्हती. मला बरं वाटायचं. म्हटलं, ओरडतायत म्हणजे आहेत.

दुसऱ्या दिवशी घत्तास आला. पांढरी पायघोळ लोकरी गलाबिया, डोक्याला चापूनचोपून फेटा, मागे शौकी, शौकीच्या हातात संत्र्यांची टोपली. पायथ्याशी उभा राहिला. नाकाला रुमाल लावावासा वाटत होता, लावला नाही, एवढं कबूल करते.

"अबूना, मला माफ केलंत म्हणा," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते पाणी, पण त्यानं काय होतंय.

अबूनांनी डोळे उघडले.

"बाकीची भिंत पाडलीस का?"

"तुम्ही बरे व्हा आधी. मग सगळं बघू."

अबूनांनी तोंड फिरवलं. एवढंच. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, सासूनं ऐकलं, शौकीनं ऐकलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते गेले. जाताना माझा हात त्यांच्या हातात होता, आणि त्यांची पकड एवढी घट्ट होती की बोटं सोडवायला मला सासूची मदत लागली.

अस्यूतहून मठाचे मोठे अबूना आले. स्वच्छ झगा, मऊ आवाज. दफन झालं. देवळामागेच झालं, तेवढं बरं झालं. आणि मग कळलं, की समाचाराच्या चटया घत्तासच्या अंगणात घातल्यात. मांडव त्याचा, कॉफी त्याची, कुराण वाचणाऱ्या शेखांपासून पोलीस अधिकाऱ्यापर्यंत सगळे येऊन त्याचा हात हातात घेतायत, जसं काही त्याचंच कुणी गेलंय. मोठे अबूना त्याच्या शेजारी गादीवर. मी बायकांच्या बाजूला उभी होते. मोठे अबूना बोलायला उठले.

"आपल्या प्रिय बंधूनं मरणशय्येवर सगळ्यांना क्षमा केली. जे अपघाताला कारण झाले असं त्यांच्या मनाला लागलं असेल, त्यांनाही."

पडदा बाजूला करून मी पुरुषांच्या मांडवात गेले.

"नाही केली," मी म्हटलं.

सगळे वळले. फानूस काठी टेकत मागच्या रांगेत बसला होता, त्यानं मान खाली घातली.

"मी होते तिथे. ते म्हणाले, भिंत पाडलीस का. त्यांनी क्षमा केली नाही आणि तुम्ही त्यांच्या तोंडी घालू नका. ते माझ्या नवऱ्याच्या जागी उभे होते, माझ्या घरात मेले. मयत आमच्या घरचं आहे. आणि आमच्या घरानं समाचार घेतलेला नाही."

शौकी उठून म्हणाला, "फानूस, बायकोला आवर."

फानूस उठला. मला वाटलं, आता हा मला सगळ्यांदेखत घरी ओढत नेणार. तो हळूहळू आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. नुसता उभा राहिला. लग्नानंतर पहिल्यांदा मला त्याचा आधार वाटला.

त्या दिवसापासून आमच्या दारात काळ्या कपड्यांतल्या बायका यायच्या, गळा काढायला तोंड उघडायच्या, आणि मी उंबऱ्यात उभी राहून सांगायचे, "इथे कोणी मेलेलं नाही. घरी जा." सासूसुद्धा रडली नाही. मी पीठ मळायचे, खमीर घातलेल्या भाकऱ्या उन्हात फुगायला ठेवायचे, शेळीचं दूध काढायचे, आणि छातीत दगड घेऊन हिंडायचे. रडू येत नव्हतं असं नाही. येऊ देत नव्हते.

घत्तासनं कट्ट्याची पडलेली बाजू तेवढी उभी करून घेतली, जुन्याच विटांनी, आणि चुलाण पेटवायला सांगितलं. सिधोम हात पसरून म्हणाला, "माझे हात भाजलेत मुअल्लिम."

"दुसऱ्याला सांग."

दुसराही पेटवेना. तिसऱ्याला शौकीनं शिव्या घातल्या, तर तो म्हणाला, ज्या घराचं रक्त मिटलं नाही त्याचं मयत पडलं त्या काहिलीखाली मी जाळ घालणार नाही. भीती होती म्हणा, लाज होती म्हणा. ऊस तोडून झालेला, गाड्या फाटकाबाहेर रांगेनं उभ्या. तोडलेला ऊस वाळायला लागला की त्यातला रस आंबतो. शेतकरी ओरडायला लागले. काहीजण माझ्यावरही ओरडले. कालव्यावर एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, "तुझ्या हट्टापायी आमच्या पोराबाळांच्या तोंडचा घास चाललाय." मी म्हटलं, "मग घत्तासला सांग. त्याचं घर माझ्या घरापेक्षा मोठं आहे, लांबूनही दिसतं."

मोठे अबूना घरी आले. मी बसायला चटई दिली नाही, लाकडी पेटी दिली. चटई घातली असती तर समाचार घेतला असा अर्थ झाला असता.

"मुली," ते म्हणाले, "ख्रिस्ती माणसाला सूड शोभतो का?"

"सूड कोण मागतंय? त्यानं येऊन म्हणावं, मी केलं."

"तो पश्चात्तापानं पोळलाय."

"पोळलेला माणूस कसा दिसतो ते मी बघितलंय अबूना. कापडं मी बदलली."

त्यांनी झगा सावरला. मग म्हणाले, "बंधू यवाकीम असते तर काय म्हणाले असते याचा विचार कर."

"तुम्हाला नको त्या शिव्या दिल्या असत्या."

त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. वाईट माणूस नव्हते. घत्तासनं देवळाला नवं छप्पर द्यायचं कबूल केलं होतं, हे मला नंतर कळलं. निघताना म्हणाले, "मी त्याच्याशी बोलतो." बोलले असतील. कारण दोन दिवसांनी सकाळी गल्लीत गलका झाला आणि पोरं धावत आली, कफन येतंय, कफन येतंय.

मी उंबऱ्यात आले. पुढे मोठे अबूना. त्यांच्यामागे दोन्ही हातांवर पांढरं कफन घेतलेला, अनवाणी, बोडक्या डोक्याचा माणूस. बखीत. गवंडी बखीत. त्याच्यामागे शौकी, आणि शौकीच्या मागे सगळं गाव. घत्तासचा पत्ता नाही.

भिंत बखीतनं लिंपली, म्हणून गुन्हेगार बखीत. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे, ते डोकं एकदा फोडून बघावं असं वाटलं. आणि चाल कसली पक्की होती. मी कफन नाकारलं तर बखीत मेलेल्यात जमा, त्याला गावात कुणी पाणी पाजणार नाही. घेतलं तर रक्त मिटलं, संध्याकाळी चुलाण पेटलं, आणि घत्तास पुढच्या रविवारी गादीच्या खुर्चीत.

बखीतची बायको गर्दीत शेवटाला, कडेवर पोर घेऊन.

"बखीत," मी म्हटलं, "काय केलंस ते सांग."

"मी... मी भिंतीला गिलावा केला."

"भिंत पाडावी लागेल असं कोण म्हणालं होतं?"

त्यानं शौकीकडे बघितलं.

"तिकडे बघू नकोस. कोण म्हणालं होतं?"

"मी," बखीत म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "मीच म्हणालो होतो. ठोकून सांगितलं होतं मी."

"मग हे तुझ्या हातांवर कशाला?"

तो रडायलाच लागला. मी पुढे होऊन कफन उचललं. गर्दीतून सुस्कारा निघाला, मिटलं एकदाचं असा. मोठ्या अबूनांनी डोळे मिटले.

"ऐका सगळे," मी म्हटलं. "बखीतकडे आमचं काही येणं नाही. त्याच्या अंगाला कुणी हात लावला तर तो फानूसच्या अंगाला लावला. फानूस, त्याला आत घे, बायकोपोराला घे, जेवायला घाल."

"आणि तू?" फानूसनं विचारलं.

"हे चुकून आपल्या दारात आलंय. ज्याचं आहे त्याला देऊन येते."

गुऱ्हाळ आमच्या घरापासून लांब नाही. मी पुढे, गाव मागे. घत्तास फाटकाशी बाकावर बसला होता, मला बघून उठला, माझ्या हातातलं बघून परत बसला. मी त्याच्याकडे गेलेच नाही. चुलाणाच्या तोंडाशी गेले, ओणवी झाले आणि गुडघ्यांवर आत शिरले. आत गार राख, वर काहिलीचं काळं बूड. बरोबर मधोमध मी कफन ठेवलं, घडी नीट केली आणि मागे सरकत बाहेर आले.

"आता पेटवा," मी म्हटलं.

कुणी हललं नाही. घत्तास ओरडला, "बाहेर काढा ते. शौकी."

शौकीनं राख ओढायचा लांब आकडा उचलला. सिधोमनं त्याच्या भाजल्या हातांनी तो आकडा धरला.

"मयताचं कापड आकड्यानं ओढत नाहीत," म्हातारा म्हणाला. "हातांनी आणावं लागतं. आणि जो आणेल त्याचं ते."

शौकीनं आकडा सोडला, जसा काही तापलेला होता. घत्तासनं एकेकाचं नाव घेऊन हाका मारल्या. ज्याला हाक मारली तो जमिनीकडे बघायला लागला. मग फाटकाबाहेरच्या रांगेतून हाज अब्दुल-मौला पुढे आला. त्याच्या गाड्या सगळ्यांत पुढे होत्या, ऊस पिवळा पडला होता.

"घत्तास," तो शांतपणे म्हणाला, "माझा ऊस चाललाय. या सगळ्यांचा चाललाय. गुडघे टेकलेस तर मरणार नाहीस. जा आत."

घत्तासनं मोठ्या अबूनांकडे बघितलं. ते गर्दीत मागे उभे होते, धापा टाकत आले होते. त्यांनी काही म्हटलं नाही. तेवढं त्यांचं पुण्य मी मोजते.

घत्तास चुलाणाशी गेला. त्याचे बूट कैरोहून आणलेले, राखेनं खराब होतील म्हणून त्यानं ते काढून बाजूला ठेवले. ओणवा झाला. जाडजूड माणूस, आत शिरताना दोनदा अडकला. आतून काहिलीच्या बुडावर डोकं आपटल्याचा आवाज आला, आणि कुणीही हसलं नाही. बराच वेळ लागला. मग तो उलटा सरपटत बाहेर आला आणि उभा राहिला. कापडाला राख लागू नये म्हणून त्यानं ते दोन्ही हातांवर वर धरलेलं. फेटा आतच पडला होता. पाय उघडे.

सगळं गाव बघत होतं. त्याला आधी कळलंच नाही. लोकांची तोंडं बघून त्यानं स्वतःच्या पायांकडे बघितलं, हातांकडे बघितलं, आणि त्याचं तोंड राखेखाली पांढरं पडलं. ते टाकून द्यावं तर कुठे टाकणार. कफन जमिनीवर टाकणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मला नाही.

मी समोर गेले. "बोल."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं.

"रतीबा..."

"माझं नाव मला माहीत आहे. तू काय केलंस ते बोल."

"त्यांनी मला सांगितलं होतं. बखीतनं सांगितलं होतं. मी भट्टी थांबवली नाही. हंगामासाठी थांबवली नाही." मग म्हणाला, "मी मारलं त्यांना."

त्यानं हात पुढे केले. मी माझे केले नाहीत.

फानूस कधी येऊन पोचला मला कळलं नाही. त्याच्या हातात बखीतची पहार होती. माझ्याकडे न बघता तो काहिलीच्या कट्ट्याकडे गेला आणि त्यानं भिंतीत पहार घातली. अजून अशक्त होता, दर घावाला खोकत होता. बखीतनं येऊन दुसरी बाजू घेतली. गिलाव्याचे पापुद्रे निघाले, आतून विटांचा भुगा गळायला लागला. सबंध भिंत खाली यायला फार वेळ लागला नाही, आणि तो सगळा वेळ घत्तास उन्हात कफन धरून उभा होता. त्याचे हात खाली यायला लागले की तो ते परत वर करत होता. त्याला कुणी सावलीत ये म्हणालं नाही, कुणी पाणी दिलं नाही.

शेवटची वीट पडल्यावर मी कफन घेतलं. माफ केलं असं मी म्हटलं नाही, आणि राग गेला असंही कुणी समजू नये. तो आजही आहे, रोजच्या भाकरीत मीठ असावं तसा. मी फक्त कफन घेतलं, घरी आले, दार सताड उघडलं, अंगणात होत्या नव्हत्या त्या सगळ्या चटया घातल्या. सासूनं न सांगता कॉफी चुलीवर ठेवली, बिनसाखरेची. बायका यायला लागल्या, उंबऱ्याशी थबकून माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी मधोमध बसले, डोक्यावरचं काळं फडकं सोडलं, आणि अबूना यवाकीम मेले, आमचे अबूना मेले, असं गळा फाडून पहिल्यांदा ओरडून सांगितलं.